पहिली बोली

मृणाली : उतरू नका भावोजी, गाडीतच बोलू. हॉलमध्ये दत्ता बसलाय, नवऱ्यासमोर मला हे बोलायचं नाही.

सागर : वहिनी, अर्ध्या तासात लिलाव सुरू होतोय. कप्तानाचं डोकं थंड पाहिजे हो आता.

मृणाली : तुमचं थंडच आहे. तापलंय माझं. दत्ताचा खांदा खलास झाला, असं हूऱ्यातल्या कोल्ड स्टोअरवर, किराणा घेता घेता, कोण बोललं?

सागर : कोण बोललं?

मृणाली : तुम्ही.

सागर : ...बरं, मी. पण आवाज नका चढवू, शेजारी त्या दुसऱ्या कप्तानाची, कैलासची गाडी लागलीय. वहिनी, ती माझी चाल आहे. अशी चाल अख्ख्या बहारीनमध्ये कोणाला सुचली नसती.

मृणाली : सांगा तरी. कळू दे आम्हालाही.

सागर : हे बघा. आपल्या कोकण लीगमध्ये सगळ्या कप्तानांना सारखेच पॉइंट मिळतात. त्यात अख्खी टीम बसवायची. दत्त्यासारखा फास्ट बॉलर धडधाकट असता, तर एकट्यावर निम्मे पॉइंट उडाले असते. पण गेल्या सीझनला पठ्ठ्यानं खडीच्या मैदानावर कॅचसाठी सूर मारला, खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्याला बॉलिंग टाकताना कोणी बघितलेलं नाही. आज त्याची किंमत काय? कुणालाच ठाऊक नाही. मला सोडून!

मृणाली : म्हणून तुम्ही ती पाडून ठेवली.

सागर : शंभर टक्के! वसईचा रॉनी माईकवर नाव पुकारेल, कोणी हात वर करणार नाही. अनसोल्ड. मग शेवटच्या फेरीत मी त्याला अलगद उचलतो. वाचलेल्या पॉइंटांत दोन तगडे बॅट्समन. कप आपलाच, लिहून घ्या.

मृणाली : आणि नाव पुकारल्यावर कोणीच हात वर केला नाही, की त्यानं कुठं बघायचं? तुमच्याकडं, की जमिनीकडं?

सागर : एका मिनिटाचा तर प्रश्न आहे.

मृणाली : ते मिनिट गावालाही दिसणार आहे. लाइव्ह आहे ना? मामंजी सकाळपासून मोबाइल चार्जिंगला लावून बसलेत. ही चाल त्याला तरी सांगितलीत?

सागर : दत्त्याला? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत कैलासला जाऊन स्वतःच सांगितलं असतं.

मृणाली : मग ऐका. सोमवारपर्यंत तो रोज आमच्या बिल्डिंगमागं बॉलिंग टाकत होता. पाण्याचा रिकामा बाटला म्हणजे स्टंप, आणि मागं मी. टेनिसचा चेंडू असून माझे तळहात लाल व्हायचे. डॉक्टर म्हणाले, पूर्ण रनअप घ्या, खांदा झकास आहे. काय खूश होता! सोमवारी कोल्ड स्टोअरवर दूध आणायला गेला, आणि त्यानंतर चेंडूला हात लावला नाही.

सागर : कोणीतरी सांगितलं असणार त्याला. पण डॉक्टर बरा म्हणतोय ना?

मृणाली : मीही तेच म्हटलं. तर म्हणतो, "डॉक्टरला खांदा कळतो, सागरला माझी बॉलिंग कळते. शाळेपासून बघतोय तो. तोच खलास म्हणतोय, म्हणजे खलास." लिलावातनं नाव काढून घेणार होता. माझी शपथ घालून आणलाय आज त्याला.

सागर : असं म्हणाला?

मृणाली : असंच.

सागर : च्यायला... सॉरी वहिनी. थांबा, मी आत जातो आणि सांगतो त्याला, की हे सगळं खोटं होतं.

मृणाली : त्याला वाटेल, मी पाठवलं म्हणून समजूत काढताय. भावोजी, बोललात चारचौघांत, आता मोडायचंही चारचौघांतच. त्याचं नाव पुकारलं रे पुकारलं, की पहिली बोली तुमची. आणि चांगली दणदणीत.

सागर : अहो, मग तो माझ्याकडं राहील का? सागर एवढी बोली लावतोय म्हटल्यावर सगळ्यांना कळणार, हात एकदम ठीक आहे. कैलास तर टपूनच बसलाय. दत्त्या माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या टीममध्ये कधी खेळलेला नाही हो. गावातसुद्धा नाही.

मृणाली : माहीत आहे मला. पण तुमच्याकडं राहून चेंडू टाकायला घाबरणारा दत्ता घेऊन काय करणार तुम्ही?

सागर : तुम्ही कोल्हापूरच्या ना? आखाड्यात न उतरताच माणूस चीत करता. चला, यल्ला. रॉनी माईक ठोकायला लागला.

(लिलाव संपला आहे. उम्म अल हस्समच्या रस्त्यावर सागर गाडी चालवतो आहे. शेजारी दत्तप्रसाद, मागे मृणाली.)

दत्तप्रसाद : अरे, रॉनीन माझा नाव पुरा घेऊक पण नाय, आणि तू उबो!

सागर : मगे? बसान बोली लावलंय असतंय तर मागे दिसलंय नसतंय.

दत्तप्रसाद : आणि बोली ती केवढी! रॉनी घाबारलो. म्हणता, "सागर, मॅन, आर यू शुअर?"

मृणाली : तेव्हा भावोजी काय म्हणाले, ते सांग ना.

दत्तप्रसाद : "ह्येचो हात माका म्हायत आसा." माईक नसताना शेवटच्या खुर्चेपर्यंत ऐकाक गेला.

सागर : आणि त्या कैलासान पण ऐकल्यान. थयच घात झालो. मी एक बोललंय, की तो दोन बोलता. मी शेवटच्या पॉइंटापर्यंत गेलंय रे दत्त्या. त्येच्या फुडे गेलंय असतंय, तर टीमका अकरा माणसा मिळाली नसती. नेल्यान तुका कैलासान.

दत्तप्रसाद : आजच्या लिलावातलो सगळ्यात महाग माणूस मी! ह्यो मोडको खांदो!

सागर : मोडको नाय. आणि ऐक, खलास म्हणान मीच सांगत फिरलंय. तुका स्वस्तात घेवक. सगळा खोटा होता.

दत्तप्रसाद : ...गाढवा, माका सांगूक काय झाला होता?

मृणाली : तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून.

दत्तप्रसाद : ह्या मात्र खरा.

सागर : रागावलंस?

दत्तप्रसाद : चार रात्री झोपाक नाय मी. रागावलंय तर. पयलीच मॅच तुझ्याशी आसा, थय बघतंय तुका.

सागर : पयल्या बॉलाक यॉर्कर टाकू नको हां. माझे पाय आता हलणत नाय.

दत्तप्रसाद : टाकतलंय. पयलोच.

मृणाली : बघा भावोजी, झाला बरा. घरी चला, पाण्याचा बाटला रिकामाच आहे. आज मागं तुम्ही उभं राहायचं. माझे हात सुटले एकदाचे.

सागर : राहतो की. शेवटचंच. उद्यापासून कैलास मला दत्त्याच्या जवळपास फिरकू देणार नाही.

दत्तप्रसाद : बाबांचो फोन इल्लो मगाशी.

सागर : माका गाळी घातल्यानी असतील. दुसऱ्याक दिलंय म्हणान.

दत्तप्रसाद : नाय. कोणी घेतल्यान, किती पॉइंटाक घेतल्यान, कायच इचारूक नाय.

सागर : मगे काय म्हणाले?

दत्तप्रसाद : "सागर पयलो उबो रवलो, ता मी बघितलंय." इतक्याच म्हणाले, आणि फोन ठेवल्यानी.