तात्यांचं पहिलं दळण

आमच्या बारामतीच्या दवाखान्यात हाड दळायचं यंत्र नवंच आलं होतं, तेव्हा मी तिथं नर्स होते. पहिले पेशंट पिंपळीचे गिरणीवाले तात्या. मांडीचं मोडलेलं हाड सांधत नव्हतं. पाय जातो की काय, म्हणून धास्तावलेले. भूल कमरेखालीच, त्यामुळं तात्या टक्क जागे. मोडलेल्या जागी चुरा भरायचा, म्हणून दान मिळालेलं हाड यंत्रात घालून मी दांडा फिरवला, तोच पडद्याआडून आवाज आला,

"सिस्टर, ह्यात आधी कुणाचं दळलंय?"

"कुणाचंच न्हाय, तात्या. तुमचंच पहिलं."

"मग नारळ फोडल्याबिगर गिरण चालू केली व्हय?"

डॉक्टर हसले. "नारळ तुम्ही आणा, पण चालत."

पावसाळा सरल्यावर तात्या आले, काठीशिवाय. नारळ फोडला, वॉर्डभर खोबरं वाटलं आणि मला म्हणाले, "आता कुणाचं बी दळा."