लहान दांडी

परवा सकाळी किराणा दुकानात पाय ठेवला, तर आत दोघी बोलत होत्या, "मेश्रामभाऊच्या जुन्या जीपचा गेअरबॉक्स गेला. बिघडवला म्हणते त्याच्या शेजार..." मला पाहून दोघी गप्प! आता भाऊंची शेजारीण म्हणजे मीच. तशीच परत फिरले.

भाऊंच्या अंगणात जीप नुसती घुरघुरत होती, जागची हलत नव्हती. त्यांच्या लेकीला, प्रज्ञाला, नोकरीवर हजर व्हायला वरठीहून रेल्वे धरायची होती. पोरगी रडकुंडीला आलेली.

तेवढ्यात मिस्त्री आला. "भाऊ, ही लहान दांडी कायची, माहीत आहे का?"

"नाही गा. मी तिले हातच नाही लावत."

"फोर बाय फोरची आहे, चारही चाकाले जोर देणारी. ही न्यूट्रलमधी असली, तर गेअरची मोठी दांडी कितीबी हलवा, चाकाले जोरच नाही जात."

त्यानं ती ओढली अन् जीप हलली. प्रज्ञा उडी मारून आत बसली.

"पण इले हलवलं कोणं?" मिस्त्रीनं विचारलं.

आदल्या दिवशी मी आत बसून पाहिलं होतं, अन् उतरताना तीच दांडी धरून उठले होते.

"लोकं बी काय बोलते!" मी विषय बदलला. "म्हणे गेअरबॉक्स गेला. साफ खोटं!"

भाऊ निघता निघता म्हणाले, "गेअरबॉक्सचं खोटं निघालं, वहिनी. शेजारणीचं नाही."