खिशातलं शिसं

(पाचूबंदर, वसई. भर दुपार. सेबेस्टियन आणि त्याची मुलगी शॅनन इस्पितळातून आत्ताच परतलेत. आई रोवेना ताटं वाढतेय.)

रोवेना : जेवायच्या टेबलावर हे जाळ्याचं शिसं कोनी ठेवलं?

शॅनन : मी. पप्पांच्या खिशात होतं. दोन्ही खिशांत.

रोवेना : इस्पितळात मासे धरायला गेलता काय?

शॅनन : वजन करायला. दर सोमवारी काट्यावर उभं करतात ना, तेव्हा हे भरून न्यायचे. तीन आठवड्यांत पाच किलो उतरलेत. त्यातले तीन या शिशाने झाकले.

रोवेना : सेबेस्टियन?

सेबेस्टियन : वजन उतरलं की ती सिस्टर फार बोलते.

रोवेना : आनि मी कमी बोलते?

शॅनन : मम्मी, थांब, पुढे ऐक. आज रेडिएशनची लाइट दिलीच नाही. टेबलावर झोपवलं, तोंडावर तो जाळीचा मास्क बसवला, आणि मास्क लावणाऱ्या मुलीचं बोट हनुवटीखालून आरामात आत गेलं. पहिल्या दिवशी एवढा घट्ट होता की गालावर जाळी उमटली होती. मग परत वजन केलं, खिसे रिकामे करायला लावले. सगळ्यांसमोर.

सेबेस्टियन : सगळे नव्हते. चार जन होते.

रोवेना : मास्क सैल झाला तर झाला. दोरीनं बांधायचा.

शॅनन : नाही ना गं. पप्पांची गाठ उजवीकडे, जिभेच्या मुळाशी. सगळा मारा तिकडे, तिकडची लाळेची ग्रंथी जाणारच. डाव्या कानाखाली लाळेची ग्रंथी आहे, ती चांगली आहे. डॉक्टरांनी मापं घेऊन किरणांची वाट अशी आखली की ती बाजूला राहील. आता मान बारीक झाली, तर ती आत सरकली. वाटेतच येऊन बसली.

रोवेना : मग?

शॅनन : परवा नवा मास्क, नवं स्कॅन, पुन्हा आखणी. डॉक्टर म्हणाले, आत्ता लक्षात आलं ते बरं झालं. पण अजून वजन उतरलं तर डावी वाचेल असं मी सांगू शकणार नाही.

रोवेना : मी रोज पेज करते. त्यात अंडं, तूप, मिक्सरला फिरवून देते. ती जाते कुठं?

सेबेस्टियन : मांजरीला.

रोवेना : तरीच. मी म्हनते, ही गाभन हाय काय.

शॅनन : गिळताना दुखतं का पप्पा? औषध आहे ना त्याला.

सेबेस्टियन : दुखतं. पन त्याच्यापायी नाय. उपासकाळ हाय.

रोवेना : फादर घरी येऊन सांगून गेले, आजाऱ्याला उपास नाय. तुझ्यासमोर सांगितलं. तू मान डोलावलीस.

सेबेस्टियन : मी नवस केलाय.

रोवेना : कसला?

सेबेस्टियन : जाऊ दे ना.

रोवेना : सेबेस्टियन, चाळीस वर्सं झाली लग्नाला. कसला नवस?

सेबेस्टियन : डाव्या बाजूचा. डॉक्टर बोलले, ती वाचवायचा प्रयत्न करू. प्रयत्न बोलले, वाचवतो नाय बोलले. मला वाटलं, वरच्यालाबी काय तरी द्यायला पायजे. म्हनून मासळी, अंडं, दूध, तूप, सगळं ईस्टरपर्यंत बंद.

शॅनन : पप्पा, क्लॅरनेटसाठी?

सेबेस्टियन : तोंड सुकलं की क्लॅरनेटची तोंडातली पट्टी, ती रीड, भिजत नाय. रीड भिजली नाय की सूर फाटतो. या गावातली किती पोरं-पोरी मी चर्चच्या दारातून वाजवत घरी आनली. पुढल्या मे महिन्यात तुझं लगीन. त्या दिवशी मी खुर्चीत बसू आनि वाजवायला नायगावचा बँड?

शॅनन : मी कोणालाच सांगितलेलं नाही अजून बँडचं. तुमच्यासाठीच थांबलेय.

रोवेना : म्हंजे डावीसाठी उपास धरला, आनि त्या उपासानं तिलाच वाटेत नेऊन बसवली. असा खुळा मानूस साऱ्या बंदरात नसेल.

सेबेस्टियन : आता कळलं मला.

रोवेना : मला भ्या वाटतं रे. रात्रंदिस वाटतं. आनि तू शिसं भरून फिरतोस.

सेबेस्टियन : रडू नको गो.

रोवेना : रडत नाय. बस खाली. जेव.

सेबेस्टियन : नवस मोडायचा?

रोवेना : मोडू नको. मला दे. शॅनन, माझ्या ताटातले बोंबील उचल. ईस्टरपर्यंत मासळी, अंडं, दूध, तूप, सगळं मी सोडलं.

शॅनन : मम्मी, तू दिवसभर पापलेटं विकणार आणि घरी येऊन डाळ-भात? दोन दिवसांत भांडायला लागशील.

रोवेना : भांडन सोडायचा नवस नाय केला मी.

सेबेस्टियन : असा दुसऱ्याला देता येतो नवस?

रोवेना : तुझी होडी बिघडली की शेजारच्या विकीची घेऊन जातोस. मासळी तुझीच म्हनतोस ना? तसंच. फादरना मी सांगते.

सेबेस्टियन : तू बारीक होशील.

रोवेना : माझ्या मापाचा मास्क कोनी बनवलेला नाय. मी सैल झाले तर साडी घट्ट नेसेन. तोंड उघड.

सेबेस्टियन : मी खातो माझ्या हातानं.

रोवेना : तुझ्या हाताचा भरोसा मांजरीला. उघड.

शॅनन : हळू पप्पा. एकेक घोट.

रोवेना : चव लागते काय?

सेबेस्टियन : नाय. चिखल खाल्ल्यासारखं वाटतं.

रोवेना : जरा थांबू?

सेबेस्टियन : नको. आजून वाढ.