धाम्यावरची कणीक

सतवंत : तूच सांग त्यांना, निरलेप. माझं ऐकायचं बापूजींनी माझ्या लग्नापासून सोडून दिलंय.

निरलेप : काय सांगू, भैणजी?

सतवंत : काय सांगू म्हणजे? उद्या अमोलकच्या मागे ठेवलेल्या पाठाची समाप्ती, भोग. चारशे माणसं येणार. फगवाड्याहून कीर्तनात तबल्याच्या जागी जोडी वाजवायला भाई आलेत, दोनदा चहा पिऊन झाला त्यांचा. आणि बापूजी अमोलकच्या जोडीपाशी मांडी ठोकून बसलेत. कुणाला बोट लावू देत नाहीत. नऊ दिवस!

निरलेप : भाईंनी स्वतःची नाही आणली?

सतवंत : कशी आणतील? बापूजींनीच निरोप धाडला होता, माझ्या ताऊसच्या तारांना अमोलकचीच जोडी लागते, दुसरी चालणार नाही. बरं, तर ते बिचारे तीच उचलायला गेले. झालं! बापूजी असे खेकसले, विचारू नकोस.

निरलेप : हं.

सतवंत : कळतंय ना मी काय बोलतेय ते?

निरलेप : कळतंय. डाळीत हळद घातली का मी?

सतवंत : दोनदा घातलीस. मी बघितलं.

निरलेप : बरं.

सतवंत : आख्ख्या डेऱ्यातल्या बायका तुझं कौतुक करतायत. निरलेप किती खंबीर, निरलेपने डोळ्याला ओढणी लावली नाही. मला मात्र भीती वाटायला लागलीय तुझी. एकदा रड ना, बाई.

निरलेप : येत नाही. करून बघितलं मी. दार लावून त्यांचा फोटो घेऊन बसले. तर मनात काय आलं, चौकटीवर धूळ बसलीय. पुसली. मग उठले, कपडे वाळत घातले.

(सतवंत डाळीखालचा गॅस बारीक करते.)

निरलेप : तुम्ही जोडीचं सांगत होतात.

सतवंत : हो. जोडीतला तो डाव्या हाताचा धामा बघितलास का? अमोलकने लावलेली कणीक अजून तशीच आहे त्याच्यावर. आवाज घुमावा म्हणून वाजवायच्या आधी लावायची आणि वाजवून झालं की खरवडायची, हे आपल्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. वाळून नुसता दगड झालाय. कातडं ओढतेय ती. एका बाजूला तडाही गेलाय. आणखी दोन दिवसांत गेलंच समज.

निरलेप : दोन कुठले? आज संध्याकाळपर्यंत फाटेल.

सतवंत : मग? बापूजींना म्हटलं तर म्हणतात, त्यात माझ्या पोराची बोटं आहेत. अंगठ्याचा ठसा आहे. जन्मभर लोकांना ओरडून सांगितलं, मढ्या-समाध्यांपुढे डोकी टेकू नका. आणि आता स्वतः कणकेच्या गोळ्यापुढे हात जोडून बसलेत!

निरलेप : त्यांची नाहीत.

सतवंत : कोणाची? काय?

निरलेप : बोटं. ती माझी आहेत.

सतवंत : काय बोलतेस?

निरलेप : त्या दिवशी पहाटेचं कीर्तन करून आले. म्हणाले, डावा हात जड झालाय, जरा पडतो. धामा मला खरवडायला सांगितला. एकोणीस वर्षांत मला कधी खरवडू दिला नव्हता त्यांनी. मळायची मी, लावायचे-काढायचे ते. तिथंच मला कळायला हवं होतं.

सतवंत : अगं...

निरलेप : दुपारी म्हणाले, चारच्या दिवाणात वाजवायला जायचंय, ताजी लावून ठेव. मी मळली. लावली. अंगठ्याने मध्ये दाबली, ते दाबायचे तशी. उठवायला गेले तर... सगळं संपलं होतं.

सतवंत : हे नऊ दिवस पोटात ठेवलंस?

निरलेप : हात जड झाला म्हणाले, भैणजी. डॉक्टरला बोलवायचं सोडून मी कणीक मळत बसले. पाणी जास्त झालं म्हणून वर आणखी पीठ घातलं. ते सगळं आठवतं. आणि आठवलं तरी काही होत नाही. बधिर झालेल्या दाढेसारखं.

सतवंत : हे बघ, माझं ऐक. कुणापाशी बोलू नकोस. बापूजींपाशी तर मुळीच नको. त्यांच्याकडे तेवढंच उरलंय. फाटू दे कातडं फाटलं तर. पंचवीस जोड्या आणता येतील.

बापूजी : काय बोलायचं नाही माझ्यापाशी?

सतवंत : काही नाही. तुम्ही कशाला उठलात? चहा पाठवत होते ना मी.

बापूजी : सतवंत, डोळ्यांना कमी दिसतं मला. कान शाबूत आहेत. निरलेप पुत्तर, तू सांग.

निरलेप : धाम्यावरची कणीक मी लावली होती, बापूजी. सकाळची त्यांची होती, ती मी खरवडून टाकली. नालीत गेली. तुम्ही जपताय ती माझी आहे.

सतवंत : निरलेप!

निरलेप : आणि त्यांनी मला सांगितलं होतं, हात जड झालाय म्हणून. मी काही केलं नाही.

(सतवंत गॅस बंद करते.)

बापूजी : मलाही सांगितलं होतं.

सतवंत : काय सांगितलं होतं?

बापूजी : हात जड झालाय. पहाटे, कीर्तन चालू असताना. वाकून कानात म्हणाला, बापूजी, डावा हात उचलवत नाही, थोडं आवरतं घ्या. आणि मी काय म्हटलं असेल?

सतवंत : राहू दे, बापूजी.

बापूजी : म्हटलं, लय पडू देऊ नकोस. बावीस वर्षांत त्याने कधी पडू दिली नव्हती. त्या दिवशीही नाही पडू दिली. पुढचा सव्वा तास वाजवत राहिला. लोकांनी मान डोलावली. मीही डोलावली.

निरलेप : मला वाटत होतं, फक्त मलाच सांगितलं.

बापूजी : मलाही तेच वाटत होतं. सगळ्यांना सांगतो, वरच्याची मर्जी गोड मानून घ्या. आल्या-गेल्याला नऊ दिवस तेच सांगतोय. आणि उठून परत त्या जोडीपाशी जाऊन बसतोय. मेल्यासारखा. ना रडू, ना झोप.

सतवंत : मला कुणीच का नाही सांगितलं? मी त्याची बहीण ना?

बापूजी : आता सांगितलं ना. जा, फगवाड्याच्या भाईंना म्हणावं, अर्धा तास थांबा, जोडी देतो. आणि मघाशी खेकसलो त्याची माफी माग माझ्या वतीने.

सतवंत : तुम्ही मागा. माझं तोंड नाही तुमच्या माफ्या मागायला.

बापूजी : बरं, मी मागतो. निरलेप, कोमट पाणी घे, आणि एक मऊ फडकं. कोरडी ओढलीस तर कातडं हातात येईल.

निरलेप : माहीत आहे, बापूजी. भिजू द्यावी लागेल आधी.

बापूजी : मी धरतो धामा, तू काढ. ...पुत्तर, एक विचारू?

निरलेप : विचारा.

बापूजी : नऊ दिवस तो ठसा बघतोय मी. एकदाही शंका आली नाही. अमोलकचा अंगठा तुझ्याएवढाच होता का गं?

निरलेप : नाही, बापूजी. त्यांचा मोठा होता.