हमीदाबाईंची चांदी

पितांबरशेठ : सहाशे एकेचाळीस ग्रॅम. पुन्हा ठेवू का काट्यावर?

हमीदाबाई : पुन्यांदा ठेवा. मले पाहू द्या.

पितांबरशेठ : पाहा. साडेबावन्न तोळे म्हणजे सहाशे बारा. रमजानात तुमची माणसं विचारून विचारून मला पाठ झालंय. त्याच्या वर चांदी असली की गरिबांना जकात द्यावी लागते, बरोबर ना अक्का?

हमीदाबाई : चांदाचं एक वर्ष जवळ राहिली, की लागते. म्हंजे पुढच्या रमजानात मी जकात देनार! रोजा नसता तर इथंच तुमच्यासंगं तोंड गोड केलं असतं.

पितांबरशेठ : कमाल आहे. द्यावं लागणार म्हटल्यावर माणसं कपाळाला हात लावतात. एखादा वाळा पोरीच्या नावावर करा, सुटाल.

हमीदाबाई : सुटाले आली का मी नशिराबादहून?

पितांबरशेठ : बरं, रागावू नका. पण एक सांगायलाच हवं. तुमच्या सासूबाईंचे हे वाळे आतून लाखेने भरलेत. चांदी फक्त वरचा पत्रा.

हमीदाबाई : मंग?

पितांबरशेठ : लाखेचं वजन चांदीत कसं धरायचं? काढली तर वाळे पोकळ होतील, चेपतील. राहू द्या, सहाशे एकेचाळीसच धरा. कोण विचारतंय?

हमीदाबाई : ज्याच्यासाठी द्यायची, त्याच्याजवळ काय काटा नही? काढा लाख.

पितांबरशेठ : सासूबाईंची आठवण आहे अक्का.

हमीदाबाई : सासू असती तर तीबी हेच म्हनली असती. काढा.

(कारागीर वाळे आत नेतो. लाख तापल्याचा वास येतो. वाळे परत काट्यावर.)

पितांबरशेठ : पाचशे नव्वद. बावीस ग्रॅम कमी पडले. सुटलात बघा... अहो, चेहरा का उतरला?

हमीदाबाई : शेठ, हे गेले तवा माझी शाहीन चार वर्षांची. दर रमजानात दारावर थाप पडायची. गहू, कापड, तिच्या शाळेचे पैसे. देनारे भले, कधी टोचून बोलले नही. मी पोरीले सांगायची, लाजू नको, हा आपला हक आहे, त्यायच्यावर फर्ज आहे. पन थाप पडली का मान खालीच जायची माझी.

पितांबरशेठ : आता तर शाहीन शिरपूरला नर्स आहे.

हमीदाबाई : आहे ना! आन् मी गाद्या शिवून शिवून ही चांदी जोडली. दर लगीनसराईत एक डाग, तुमच्याच दुकानातून. हक घेऊन झाला शेठ. आता मले फर्ज पाहिजे. मले कोनाच्या तरी दारावर थाप मारायची आहे. तो छल्ला काढा.

पितांबरशेठ : कमरेचा? चाव्या अडकवायला?

हमीदाबाई : कपाटच नही, तर चाव्या कुठल्या! किती भरतो?

पितांबरशेठ : पंचवीस ग्रॅम. भरीव आहे, लाख नाही.

हमीदाबाई : द्या. हे घ्या पैसे, सहा गाद्यांचे आहेत.

पितांबरशेठ : पण रोख पैसेही धरतात ना जकातीत? मग छल्ला कशाला?

हमीदाबाई : धरतात. पन माझ्याजवळ रोख शुक्रवारपर्यंत टिकत नही. चांदी वर्षभर टिकते.

पितांबरशेठ : घ्या. सहाशे पंधरा! आता तर झालं? आणि ऐका, छल्ल्याची मजुरी मी घेणार नाही. माझ्याकडून राहू द्या.

हमीदाबाई : नही शेठ. पुरी लावा.

पितांबरशेठ : अहो, आपुलकीनं म्हणतोय. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही.

हमीदाबाई : मले मालूम आहे. पन आजच्या दिवस तरी मले कोनी काही देऊ नका.