पाण्याला धाकटाच

दाबा, दाबा, नखाने हवं तेवढं दाबा — काही कळायचं नाही. दोन्ही चाकं सारखीच कडक, दोन्ही तशीच दुधाळ, दोन्ही टीपीयूचीच — रबरासारखं लवतं आणि प्लास्टिकसारखं वितळतं, दोन्हीकडून मान डोलावणारं बेणं. पण आतला वाण वेगळा. तुमच्या डाव्या हातात आहे तो एस्टर आणि उजव्या हातात ईथर. हसा, सगळेच हसतात, जुळ्यांची नावं ठेवल्यासारखी वाटतात. आमच्या आईला तर ती कधी म्हणताच आली नाहीत. तिने सरळ थोरला आणि धाकटा करून टाकलं. एस्टर थोरला, ईथर धाकटा. घरात दोन मुलगे होते, नावं आयतीच मिळाली. ज्या दाण्यांची ही चाकं ओततो, त्यांच्या गोण्यांवर खडूने ‘थो’ आणि ‘धा’ लिहायची. मी त्यातला कुठला हे टकलावरून कळलंच असेल तुम्हाला.

तर तुम्हाला खुर्चीला चाकं हवीत — आईची खुर्ची, आंघोळीची, बरोबर? बसवायचं, ढकलत न्यायचं, आंघोळ घालायची, परत आणायचं. मग थोरला घ्या, डोळे मिटून घ्या. फरशीवर घासा, उंबऱ्यावर आपटा, तेल सांडू द्या, हूं की चूं करत नाही. झीज सोसण्यात थोरल्याचा हात कोणी धरायचा नाही. सगळं घर त्याच्यावर ढकललं तरी चालतो बिचारा. धाकटा नाजूक हो, घासलं की लगेच चट्टे. थंडीत तेवढा मऊ राहतो, लाडात वाढलेला ना. तिसराही एक असतो, कॅप्रो म्हणतात, थोरल्यासारखा चिवट आणि ओलीलाही त्याच्यापेक्षा बरा, पण महाग — आई त्याला जावई म्हणायची. आम्हाला बहीण नाही, पण जावई होता, वर्षातून एकदा यायचा आणि कोपऱ्यात मानाने बसायचा.

पाणी? हो, म्हणजे आंघोळ म्हटल्यावर पाणी येणारच. गरम? रोज? — बघा, पाण्याचं काय आहे, कुठल्याही वस्तूला पाण्याचं थोडंफार असतंच. पुसून ठेवायचं. — नाही, खोटं कशाला बोलू, तुमच्या तोंडावर विश्वास दिसतोय आणि मला तोच त्रास देतो. थोरल्याला ओल सोसत नाही. वरून काही दिसत नाही हो, चाक तसंच गोल, तसंच चकचकीत, आणि आत ओल एकेक दुवा कुरतडत असते. गरम पाणी असलं की आणखी लवकर. मग एक दिवस हाताला चिकट लागतं, आणि त्यानंतर तुकडे. लोक म्हणतात, अरे, काल तर चांगला होता! काल चांगला होता, हे लोकांचं ठरलेलं. मला बघून पण तेच म्हणतात.

धाकट्याला पाण्याचं काहीच नाही. ते उजव्या हातातलं चाक बघा, किती जुनं असेल सांगा? बाहेरच्या पिंपात पडलेलं असतं, मी सकाळी त्यातच हात धुतो. काही झालंय? काही नाही. — विकायचं नाही ते. नमुन्याचं आहे. आणि एकटंच आहे, एका चाकावर तुमच्या आईला कशी नेणार? नवीन नाहीत माझ्याकडे. मी धाकटा ठेवत नाही. आता या दुकानात फक्त थोरला मिळतो. का म्हणजे? माझी मर्जी.

धाकटा त्याच्याकडे मिळतो. माझ्या भावाकडे. आम्ही वाटण्या केल्या ना — लोक शेत वाटतात, भांडी वाटतात, आम्ही प्लास्टिक वाटून घेतलं. तो ईथर, मी एस्टर. एकमेकांच्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. आणि बोलायचं नाही, ते न ठरवताच झालं.

भांडण कसलं, गोणीवरून. सांगतो, बसा, तो स्टूल ओढा — तो नको, त्याचा पाय — बरं, बसा त्याच्यावरच, भावाचा आहे तो, आता कोण बसतंय. तर हे दाणे असतात ना, ते हवेतलं पाणी पितात. तसेच मशीनमध्ये घातले तर मालात बुडबुडे येतात, म्हणून आधी भट्टीत वाळवायचे. भट्टी आमच्या घरी, मागच्या खोलीत, आणि वाळवायचं काम आईचं. बसल्या जागी ट्रेमध्ये पसरायची, हात फिरवायची, त्यांच्याशी बोलायची सुद्धा. सकाळी इथे फोन करायची — ‘थोरल्याला पाठव’, ‘धाकट्याला पाठव’ — की मी ती गोणी टेम्पोत घालायची. गोणीलाही ‘ला’ आणि पोरालाही ‘ला’. कोणाची चूक सांगा ना? माझी? तिने आम्हाला गोण्या केलं, का गोण्यांना पोरं केलं, देव जाणे.

त्या दिवशी तिला ताप होता. साधा ताप — म्हणजे आम्हाला साधा वाटला. मी पेज देऊन, औषध देऊन, उशी नीट करून आलो होतो. मीच. ते रोजचं माझंच होतं, तिला उठवणं, बसवणं, केस विंचरणं — हो, केस विंचरायला शिकलो मी, हसू नका. धाकटा यायचा, दारातून एक विनोद फेकायचा आणि ती दिवसभर हसायची. तर फोन आला. मशीन चालू, कानात सगळा धडधडाट. म्हणाली, ‘धाकट्याला पाठव.’ एवढंच. मी म्हटलं, बघा बाईचा जीव, तापातही भट्टी सुटत नाही! आणि गोणी पाठवली. तो इथेच होता हो — तुम्ही बसलाय ना, तिथे, त्याच स्टुलावर, चहा पीत, फोनपासून दोन हातांवर.

टेम्पोवाला गोणी तशीच परत घेऊन आला. म्हणाला, तुमच्या आई म्हणाल्या, ‘हा नव्हे.’ तेवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. — मग धावलो आम्ही. दोघंही धावलो, तो पुढे. पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

तेराव्यानंतर म्हणाला, तिने मला बोलावलं आणि तू गोणी पाठवलीस. सगळ्या नातेवाइकांसमोर. मुद्दाम पाठवलीस, म्हणाला. मुद्दाम! मला काय ठाऊक ती जाणार आहे? आणि ठाऊक असतं तर — तर मीच गेलो नसतो का? मला नको होतं का काही? जन्मभर ज्याने उचललं त्याचं नाव शेवटी तोंडात येऊ नये? पण मी मनाला लावून घेत नाही. कारण ती काय म्हणाली, ‘आधी धाकट्याला पाठव.’ आधी. आधी म्हणजे त्याच्यामागून कोणीतरी असतंच ना. आधी हा, मग तो. नुसता वेळ पुरला नाही तिला. हिशेब सरळ आहे.

काय? — मघाशी ‘आधी’ नव्हतं? असेल राहिलं बोलण्याच्या ओघात. तुम्ही काय वकील आहात का? म्हणाली ती. म्हणाली असणार. मशीनचा आवाज केवढा होता, एखादा शब्द खाल्ला असेल त्याने. इतकी वर्षं म्हणतोय मी स्वतःशी, म्हणजे कुठून तरी ऐकलाच असेल ना —

ठेवा ती चाकं. दोन्ही ठेवा. नाही, थोरला न्यायचा नाही, सांगितलं ना, मी विकत नाही तुम्हाला. भर आंघोळीत चाक फुटेल आणि आई पडेल तुमची. पूल उतरलात की डाव्या हाताला निळं शटर आहे. मी पाठवलं म्हणू नका. स्टूल राहू द्या तिथेच, मी ठेवतो. जा, ताई, वाट बघत असेल ती. तिलाही धाकटाच लागणार.