एंगेलबेर्ट क्राइनर यांनी न पाडलेली भिंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हिंटरलोइटन गावाचे सरपंच, माननीय इंजिनिअर हेल्मूट ब्रांडश्टेटर. व्यासपीठावरचे आदरणीय फादर कोलोमन. अग्निशमन दलाचे कमांडर गेऑर्ग, ज्यांनी हा हॉल दिला आणि त्यासाठी दोन्ही बंब बाहेर उन्हात उभे केले. चित्रपट कंपनीतर्फे व्हिएन्नाहून आलेले पाहुणे, ज्यांचं नाव माझ्या कागदावर होतं पण त्यावर कॉफी सांडली, तेव्हा त्यांनी राग मानू नये. पहिल्या रांगेतल्या आदरणीय डॉक्टरीणबाई, कारण डॉक्टरसाहेब गेले तरी आपल्याकडे पदवी घरातच राहते. आजचे उत्सवमूर्ती श्री. एंगेलबेर्ट क्राइनर, त्यांची कन्या इर्मी. आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

मी रोझविता श्टाडलर. इथल्या निम्म्या लोकांना मी अक्षरं गिरवायला शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना चर्चच्या गायनात सूर सांभाळायला. पहिलं काम जमलं. सरपंचांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि बजावलंय की चित्रपटाचा उल्लेख झालाच पाहिजे. तो मी करणारच आहे. पण खरं सांगू का, सकाळपासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ चाललाय.

पहिला गोंधळ हा, की आज आपण निरोप कोणाला देतोय? माझ्या मागे हा एवढा मोठा फलक लावलाय. 'प्रिय एंगेलबेर्ट, गाव तुझं ऋणी आहे.' खाली फोटो. फोटोतल्या माणसाला मिशी आहे. एंगेलबेर्टना आयुष्यात कधी मिशी नव्हती. हा फोटो चित्रपटातल्या नटाचा आहे! हसू नका. सरपंचसाहेब, तुम्हीही हसू नका, फलक तुमच्या कचेरीतून आलाय. मघाशी एक पाहुण्या बाई एंगेलबेर्टजवळ जाऊन म्हणाल्या, "मिशी का हो काढली? शोभत होती तुम्हाला." आणि हा गृहस्थ काय म्हणाला असेल? "उन्हाळ्यात उकडतं."

असा हा माणूस आहे. लोक काय समजतात ते समजू द्यायचं आणि आपण पुढे चालायचं.

आता जे बाहेरून आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. एकोणीस वर्षांपूर्वी, सुगीच्या आभाराच्या रविवारी, अख्खं गाव सकाळी नऊच्या प्रार्थनेला चर्चमध्ये होतं. बँड वाजत होता. त्या आवाजात कोणीतरी आपल्या बँकेचं एटीएम ट्रॅक्टरने ओढून न्यायचा बेत केला. दोर यंत्राला बांधायचा तो यंत्राभोवतीच्या चौकटीला बांधला. ट्रॅक्टर निघाला. सव्वानऊला भिंत आली, भिंतीवरची बाल्कनी आली, बाल्कनीतल्या लाल फुलांच्या आठ कुंड्या आल्या. एटीएम जागच्या जागी. धूळ बसल्यावर लोक बाहेर आले तेव्हा ते यंत्र रस्त्याकडे तोंड करून उभं होतं आणि त्याच्या पडद्यावर लिहिलं होतं, 'कृपया कार्ड घाला.' चोर पळाले होते. ट्रॅक्टर मागे राहिला होता, आणि तो एंगेलबेर्ट क्राइनर यांचा होता.

मला ते सगळं अगदी डोळ्यांसमोर दिसतं. ती धूळ, कुंड्यांचा चुरा, टोपी हातात धरून उभे असलेले बँडवाले. काल रात्री हे भाषण लिहायला बसले आणि हात थांबला. अहो, मी तिथे नव्हतेच! मला जे आठवतंय तो चित्रपट आहे. 'पेटी तिथेच आहे' हा चित्रपट मी अकरा वेळा पाहिलाय, आणि आता माझ्या डोक्यात कुठलं आपलं आणि कुठलं पडद्यावरचं, याचा पत्ताच लागत नाही. तुमचंही तसंच झालंय, कबूल करा. गेऑर्ग, तू सगळ्यांना सांगतोस की तू स्वतः कुंडीखालून मांजर काढलंस. मांजर चित्रपटात होतं रे.

चित्रपट चांगला आहे. पाहुण्यांसमोर सांगते, खरंच चांगला आहे, हसून हसून पोट दुखतं. त्यामुळे आपल्या खानावळीला गिऱ्हाईक आलं, शाळेचं छप्पर झालं. फक्त एक गोष्ट त्यात वेगळी आहे. चित्रपटात भिंत पाडणारा बावळट चोर खुद्द एंगेलबेर्टच आहे. पाहुणे मघाशी मला समजावत होते, "बाई, निरपराध माणूस विनोदी होत नाही हो." असेल तसं. मला विनोदातलं कळत नाही.

गावातल्या मुलांना विचारा. गेल्या वर्षी दुसरीतल्या एका चिमुरडीने निबंधात लिहिलं, 'आमच्या गावात एक प्रेमळ चोर राहतात.' आणि आज त्यांना भेट काय दिली आपण? त्या भिंतीची वीट, चांदीच्या पट्टीत बसवून. त्यांनी ती घेतली, मान लववून आभार मानले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

कारण त्या दिवशी सव्वानऊला एंगेलबेर्ट जंगलात अळंबी काढत होते.

हे तुम्हा जुन्या लोकांना माहीत आहे. इन्स्पेक्टर रूपर्ट तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांनीच तो किस्सा खानावळीत शंभरदा सांगितलाय. "एंगेलबेर्ट, कुठे होतास?" "जंगलात." "काय करत होतास?" "अळंबी." "कुठली?" "दगडी." "अरे वा! कुठे सापडली?" "जंगलात." "ए शहाण्या, जंगल पंधरा किलोमीटर आहे. जागा दाखव. ताजे कापलेले देठ दिसले की मी तुला लगेच सोडतो." आणि एंगेलबेर्ट म्हणाले, "रूपर्ट, तूसुद्धा अळंबी काढतोस ना?" रूपर्ट म्हणाले, "काढतो." "मग तुला मी जागा दाखवीन?"

हसा, हसा. त्या वेळी गावही असंच हसलं. आपल्यापैकी कोणीही हेच केलं असतं. बाप मरताना मुलाला जागा सांगतो, तीही कानात. पण शहरातल्या न्यायाधीशांना हे कळेना. ते म्हणाले, "अळंबीसाठी कोणी तुरुंगात बसतं का?" आणि एंगेलबेर्टना सात आठवडे कोठडीत ठेवलं. पुढे ते खरे चोर, दोघे भाऊ, पलीकडच्या खोऱ्यात तोच उद्योग करताना ट्रॅक्टरखाली सापडले आणि सगळं कबूल करून मोकळे झाले, म्हणून हे सुटले. नाहीतर आजही बसले असते.

सात आठवडे आपण नुसतं म्हणून टाकतो. त्या सात आठवड्यांत अग्निशमन दलाने यांचं शिरस्त्राण काढून घेतलं. गेऑर्ग, तुझ्या वडिलांनीच नेलं ते घरून, तुला दोष देत नाही. बागेतली सफरचंदं झाडाखाली कुजली. आणि पाचव्या आठवड्यात आपल्या इर्मीचं लग्न झालं. लग्न पुढे ढकला असं तिने म्हटलं होतं. यांनीच कोठडीतून निरोप पाठवला की ढकलू नका, लोक म्हणतील क्राइनर लाजले. तिला वेदीपर्यंत तिच्या मामाने नेलं. त्याला इतकं रडू येत होतं की तिनेच त्याला नेलं म्हणायला हवं.

त्या लग्नात वर गॅलरीत उभं राहून मी गायले. गायनवृंद माझा होता ना.

सरपंचसाहेब, चिठ्ठी पाठवू नका, पाच मिनिटं झालीत हे मला दिसतंय. सूप जरा उशिरा येऊ द्या.

मघाशी मी म्हटलं की भिंत पडली तेव्हा मी तिथे नव्हते. मग कुठे होते? तुम्हाला ठाऊक आहे की मी डोकं दुखतं म्हणून घरी निजले होते आणि त्या दिवशी माझ्याऐवजी फादरांच्या भाच्याने ऑर्गन वाजवला. फादर, त्याने किती वाईट वाजवला हे तुम्ही मला दोन महिने ऐकवत होतात. माझं डोकं दुखत नव्हतं. मी जंगलात होते. एका जाड स्प्रूसच्या झाडामागे वाकून उभी होते आणि माझ्यापुढे दहा पावलांवर एंगेलबेर्ट क्राइनर पाठमोरे, गुडघ्यांवर बसून अळंबी कापत होते. खालून नऊचे ठोके ऐकू आले. तिथून गाव दीड तासाच्या वाटेवर आहे.

हो. मी पाहिलं होतं.

ती जागा त्यांची होती आणि मी तिथे अकरा वर्षं चोरून जात होते. एकदा सहज मागे मागे गेले होते, मग सवय लागली. सणाच्या दिवशी ते चर्चमध्ये असणार, मग आपल्याला रान मोकळं, असा माझा हिशोब. त्या रविवारी त्यांनीही तोच हिशोब केला असावा. गायनवृंदाची प्रमुख, शाळेतली बाई, सुगीचे आभार मानायच्या दिवशी खोटं बोलून दुसऱ्याची अळंबी चोरते! पोलिसांना सांगायचं तर हे सगळं सांगावं लागणार. पहिल्या दिवशी वाटलं, संध्याकाळपर्यंत सोडतील. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, आता गेले तर विचारतील, इतके दिवस काय करत होतीस? चौथ्या आठवड्यात त्याच प्रश्नाला आणखी दोन आठवडे येऊन चिकटले. मग ते सुटलेच, आणि मला वाटलं, चला, मिटलं. मग चित्रपट आला. मी अकरा वेळा तो पाहिला, सगळ्यांबरोबर हसले, आणि हळूहळू मलाच वाटायला लागलं की मीही बाकीच्यांसारखी चौकातच होते.

आता तुम्ही विचाराल, आजच का? काल सकाळी एंगेलबेर्ट माझ्या दारात आले. म्हणाले, "रोझविता, मी लिंट्सला राहायला चाललो. इर्मीच्या घरात कोणी अळंबी खात नाही. जागा वाया जाईल. चल, तुला दाखवतो." गुडघे दुखतात त्यांचे, तरी काठी टेकत दोन तास चालले. मी मागून चालले होते, पहिल्यांदाच येतेय अशी इकडेतिकडे बघत. शिकाऱ्यांच्या मचाणापाशी वाट फुटते. त्यांनी काही सांगायच्या आतच मी डावीकडे वळले. माझे पाय वळले, मी नाही. मागे पाहिलं तर ते थांबले होते. काठी उचलून पुन्हा पुढे झाले. मग जागेवर नेऊन शांतपणे शिकवलं, देठ मुळापाशी काप, वर शेवाळ पसर, लहान असतील त्यांना हात लावू नकोस. मी पहिलीतल्या पोरीसारखी मान डोलवत होते.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. यांना कळलं का? कळलं असेल तर बोलले का नाहीत? आणि एकोणीस वर्षांपूर्वी? तेव्हा नक्की कशासाठी गप्प बसले, अळंबीसाठी की... मला खरंच कळत नाही हो.

काय? एंगेलबेर्ट काहीतरी म्हणतायत. जरा मोठ्याने. नाही, माईक नको त्यांना, मीच येते जवळ. अरे, आता तरी बोल.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल म्हणून मी सांगते. तो म्हणतो, "मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. कापलेल्या जागेवर शेवाळ नीट पसरून जाणारं आणि लहान अळंबी ठेवून जाणारं या गावात तुझ्याशिवाय आहे कोण?" म्हणतो, "त्या दिवशीही फांदी मोडल्याचा आवाज आला होता. मुद्दामच मागे वळलो नाही. तू ओशाळली असतीस."

मी त्याला विचारलं, मग माझं नाव का नाही घेतलंस? एक शब्द बोलला असतास तर घरी आला असतास. पोरीच्या लग्नाला आला असतास.

तो म्हणतो... थांबा जरा. पाणी द्या कोणीतरी.

तो म्हणतो, "मला वाटलं, तू येशील. रोज सकाळी वाटायचं, आज येईल."

मंडळी, माझ्या हातात अजून एक कागद आहे. त्यात सरपंचसाहेबांचे, फादरांचे, दलाच्या जवानांचे, सकाळपासून बटाट्याचं सॅलड करत असलेल्या सगळ्या बायकांचे आणि लांबून आलेल्या पाहुण्यांचे आभार आहेत. ते मी मनापासून मानते. शेवटी लिहिलंय की बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. हे वाक्य मी तीस वर्षं प्रत्येक समारंभात म्हणत आले. आज सभागृहाकडे मी काही मागत नाही. इर्मी, तुझ्याकडे मागते, आणि तू नाही म्हणालीस तरी तुझं बरोबरच असेल.

एंगेलबेर्ट, मी आले रे. फार उशीर केला. पण आले.